एक ‘काढणे’ आणि इंग्रजीतले अनेक शब्द

चपला काढा, पैसे काढा, दाढ काढा, यादीतून नाव काढा. मराठीत एक ‘काढणे’ सगळीकडे पुरतं. त्यात इंदूरमध्ये दिवसभर कानावर ‘हटाना’ आणि ‘निकालना’, म्हणून इंग्रजी अर्जात आपल्या हातून सरसकट ‘रिमूव्ह’ उतरतो. चपलांना ‘टेक ऑफ’, पैशांना ‘विथड्रॉ’, दाढेला ‘एक्स्ट्रॅक्ट’. हे पाठ होतं. खरी गफलत पुढे आहे.

शब्द निवडताना बघायचं ते हे, की काढलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं. ‘रिमूव्ह’मध्ये ती जागेवरून हलते, पण असते. गूगल फोटोजच्या अल्बममधून फोटो ‘रिमूव्ह’ केला तरी तो लायब्ररीत राहतो; ‘डिलीट’ केला की ट्रॅशमध्ये जातो. माणसाला ग्रुपमधून ‘रिमूव्ह’ करतात, त्याचा मेसेज ‘डिलीट’ करतात. मतदार यादीतून दिवंगत आजोबांचं नाव वगळायला फॉर्म 7 भरतात, तिथे शब्द ‘डिलिशन’ आहे, कारण नोंदच जाते.

एक्सेलमध्ये हा फरक महागात पडतो. समजा, गणेश मंडळाच्या वर्गणीच्या यादीत एक रक्कम चुकली. चौकट निवडून कीबोर्डवरची डिलीट कळ दाबली तर फक्त आकडा जातो, चौकट रिकामी राहते. एक्सेल याला ‘क्लिअर कंटेंट्स’ म्हणतं. पण कंट्रोल आणि वजा दाबून ‘शिफ्ट सेल्स अप’ निवडलं तर चौकटच जाते आणि खालच्या सगळ्या रकमा एक घर वर सरकतात. जोशींचे 501 कुलकर्णींच्या नावापुढे जाऊन बसतात. एकूण बेरीज चुकीचा आकडा गेल्यावर यायला हवी तेवढीच येते, म्हणून चूक लवकर दिसतही नाही. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल झेड.

‘इरेज’च्या मुळाशी लॅटिनमधलं खरवडणं आहे. पेन्सिलची रेघ, फळ्यावरचा खडू यांना तो शोभतो. पेनाने आडवी रेघ मारून खोडलं तर ‘स्ट्राइक आउट’, कारण खालचं अक्षर वाचता येतं.

‘एलिमिनेट’मध्ये लॅटिनचा उंबरठा आहे: उंबरठ्याबाहेर घालवणं. ‘इरॅडिकेट’मध्ये मूळ आहे, आपल्या ‘उन्मूलना’सारखंच. रोगांच्या बाबतीत हा भेद काटेकोर पाळतात. देवीचा रोग जगातूनच गेल्याचं 1980 मध्ये जाहीर झालं, म्हणून तो ‘इरॅडिकेट’ झाला. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो उरलाच; म्हणून भारतापुरतं ‘एलिमिनेट’.

कचऱ्याचे दोन शब्द इंदूरकराला तरी यायलाच हवेत. ओला-सुका वेगळा करून गाडीपर्यंत नेणं म्हणजे ‘टेक आउट’. पुढे त्याची विल्हेवाट लावणं म्हणजे ‘डिस्पोज ऑफ’. यातला ‘ऑफ’ गाळून ‘डिस्पोज द गार्बेज’ लिहिलेलं सर्रास दिसतं, ते चूक. ‘रिड’ म्हणजे एखाद्या नकोशा गोष्टीपासून सुटका करणं; त्याला ‘रिमूव्ह’च्या उलटा क्रम लागतो: आधी घर, मग ‘ऑफ’, मग झुरळं. ‘रिमूव्ह’मध्ये आधी डाग, मग ‘फ्रॉम’, मग साडी.