दुकानावर लावलेला कागद

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

ज्या चिकनच्या दुकानात आम्ही काही भागीदारांनी पैसे घातलेत, त्या सलीमभाईंच्या दुकानाबाहेर त्यांनी कागद चिकटवलाय. स्केचपेनने मोठ्या अक्षरांत: ‘आमच्याकडे फक्त नगर भागातील कोंबड्या मिळतील. खडकवासला, नांदेड, किरकटवाडीचा माल ठेवत नाही.’ संध्याकाळपासून तो काही डोक्यातून जात नाही. माल कुठला, असं गिऱ्हाईक विचारतंय, दुकानदार उत्तर देतोय, त्यात एवढं लावून घेण्यासारखं काय? तरी लागलंय खरं.

लागण्याचं पहिलं कारण म्हणजे त्या उत्तरात काही अर्थ नाही. पुण्यात खडकवासला-नांदेडगाव-किरकटवाडीकडे पसरलेल्या जीबीएसच्या, म्हणजे हातपाय लुळे करणाऱ्या नसांच्या आजाराच्या निमित्ताने ज्या कॅम्पिलोबॅक्टरचं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलंय, तो जंतू धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही असतो. नगरची असो, मुळशीची असो, नामक्कलची असो. कोंबडीला त्याचा त्रास होत नाही, त्यामुळे बाहेरून ओळखूही येत नाही. ७०-७५ अंशांपर्यंत आतून शिजलं की तो मरतो, आणि आपला रस्सा तर अर्धा तास रटरटत असतो. धोका रश्शात नाहीच. धोका आहे नळाखाली चिकन धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत, आणि त्याच विळीवर किंवा फळीवर चिरलेल्या काकडीत. उपमुख्यमंत्री अजित पवारही परवा तेच म्हणाले: काहींना पाण्यामुळे झालं, काहींना चिकनमुळे, कोंबड्या मारायची गरज नाही, नीट शिजवून खा. लोकांनी त्यातलं ‘चिकनमुळे’ एवढंच उचललं. त्यात जानेवारीत उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला, उदगीरला कावळे मेले. तो आजार वेगळा, हा वेगळा, पण सोसायटीच्या ग्रुपवर सगळं एकाच मेसेजमध्ये कालवून येतं.

दुसरं कारण सांगायला जरा अवघड आहे. स्वतःला स्वच्छ ठरवण्यासाठी सलीमभाईंना दुसऱ्या कुणाला तरी घाणेरडं ठरवावं लागलं. नांदेडगावातला शेडवाला, म्हणजे कोंबड्या वाढवणारा शेतकरी, काही त्यांचा वैरी नाही. आजवर त्याच्याकडूनही माल आलाय.

पण सलीमभाईंचा हिशोब मांडला की बोलायला तोंड राहत नाही.

समजा जिवंत कोंबडी किलोला १०० रुपये भावाने दुकानात आली. दोन किलोच्या कोंबडीचे २०० झाले. सोलून, आतडं-पिसं काढून हातात १३०० ग्रॅमच्या आसपास मटेरियल येतं, म्हणजे चिकन किलोला १५४ ला पडलं. गाडीत वजनाची जी तूट येते ती आणि पिंजऱ्यात मेलेली वेगळी. २०० ने विकलं की किलोमागे ४६ सुटतात. रोज १५० किलो गेलं तर ६,९०० रुपये. त्यातून भाडं, दोन पोरांचा पगार, लाइट बिल, घाण उचलणाऱ्याचे पैसे, आणि मग आमचा वाटा. आता अफवा आली आणि शेडवरचा भाव ६० वर आला. माल ९२ ला पडतो, पण गिऱ्हाईकही पेपर वाचतं, ते १२० च्या वर देत नाही. सुटले २८. खप ४० किलो. दिवसाचे १,१२०. दोन पोरांची मजुरीसुद्धा निघत नाही. भाव पडला म्हणजे दुकानदाराला माल स्वस्त मिळतो, असं आमच्यातला भागीदार सतीश कालच फोनवर म्हणाला. मिळतो, पण सुटणारा रुपया आणि खपणारा किलो दोन्ही एकदमच खाली येतात.

शिवाय उधारी. चांगल्या दिवसांत कोंबड्या आणून देणारा ट्रेडर आठवड्याचे पैसे आठवड्याने घेतो. भीती पसरली की तोच रोख मागतो, कारण त्याच्या मागे कोंबड्यांची कंपनी पैशांसाठी लागलेली असते. आणि हॉटेलवाले? खाऊन संपलेल्या चिकनची बिलंसुद्धा ‘सध्या धंदा नाही’ म्हणून अडकवतात. दोन्हीकडून आवळला जातो तो चिकन तोडायच्या ठोकळ्याशी उभा असलेला माणूस. आम्ही घातलेलं भांडवल डीप फ्रीझरमध्ये किंवा डिपॉझिटमध्ये असतं असं आम्हाला वाटत होतं. ते खरं म्हणजे त्या आठ दिवसांच्या उधारीत असतं.

मला सगळ्यात जास्त कुरतडतंय ते वेगळंच. विक्री मंदावली की माल खरोखर बिघडायला लागतो. कोंबडी कापण्याआधी आठ-दहा तास खाद्य बंद ठेवायचं असतं, पाणी चालू ठेवायचं. म्हणजे आतडं रिकामं राहतं आणि अख्खं बाहेर येतं. सलीमभाईंचा हात त्यात बघण्यासारखा आहे: चीर लहान, दोन बोटं आत, कलेजी धरून एकच ओढ, सगळं सलग बाहेर, कुठे फाटलेलं नाही. पण माल तीन-तीन दिवस पिंजऱ्यात पडून राहिला तर त्याला खायला घालावंच लागतं, नाहीतर वजन उतरतं, मरतुक वाढते. मग अचानक गिऱ्हाईक आलं की भरल्या पोटाचीच कोंबडी कापली जाते. आतडं फाटतं, आतली घाण मांसाला लागते. जो जंतू लोकांना नको आहे तो अशाने जास्त पसरतो. लोक भीतीने येत नाहीत, आणि न आल्याने भीती थोडी थोडी खरी होत जाते. यावर काय करायचं ते मला माहीत आहे: कमी माल उतरवायचा, शिळा ठेवायचा नाही, ठोकळा दर दोन तासांनी उकळत्या पाण्याने धुवायचा, कलेजी-पेट्याचं भांडं वेगळं. कागदावर लिहायचं होतं तर हे लिहायचं.

शेडवाल्याची गत आणखी वेगळी. ४२ दिवस उलटले की कोंबडी रोज २०० ग्रॅम खाते आणि ९० ग्रॅम वाढते. पाच हजारांच्या शेडला दिवसाला एक टन खाद्य, ४० रुपयांनी धरलं तरी ४० हजार. वाढलेलं वजन साडेचारशे किलो, ६० च्या भावाने २७ हजार. थांबला की रोज तेरा हजारांनी आत. आणि अडीच किलोच्या वर गेलेली कोंबडी किरकोळ दुकानदार घेत नाही. कंपनीशी करार करून कोंबड्या वाढवत असेल तर खाद्य कंपनीचं, पण मग पुढची पिल्लं टाकायलाच कंपनी उशीर करते. रिकाम्या शेडचा हप्ता बँक थोडाच थांबवते.

आजचीच तारीख होती. १८ फेब्रुवारी २००६, नंदुरबारचं नवापूर, देशातला पहिला बर्ड फ्लू. तिथे बहुतेक अंड्यांच्या कोंबड्या. बॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबडीचं, शेड ४० दिवसांत पुन्हा उभं राहतं, अंड्याची कोंबडी मात्र पहिलं अंडं द्यायलाच अठरा-वीस आठवडे घेते, तोवर नुसता खर्च. त्यातूनही ते गाव सावरलं, आणि २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. सरकार ज्या कोंबड्या मारतं त्यांची भरपाई देतं. ज्या मारल्या नाहीत पण विकल्याही गेल्या नाहीत, त्यांची नाही. कापणाऱ्या दुकानदाराची नाही. त्याच्यात पैसे घालणाऱ्याची तर नाहीच, आम्ही कुठल्याच कागदावर नाही. हे लिहिताना माझंच मला वाईट वाटायला लागलं, म्हणून मघाशी वही मिटून ठेवली होती.

ब्रिटनमध्ये २०१३ च्या जानेवारीत घोड्याच्या मांसाचं प्रकरण निघालं. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा खात्याने बीफ बर्गर तपासले, टेस्कोच्या एका बर्गरमध्ये २९ टक्के घोडा निघाला. टेस्कोच्या शेअरवाल्यांचे एका दिवसात ३० कोटी पाउंडांच्या आसपास बुडाले. आणि गल्लीतल्या खाटकांचा धंदा वाढला, कारण लोकांना डोळ्यांदेखत कापलेलं हवं होतं. हे मला फार सलतं. आपल्याकडे तर पहिल्यापासून सगळं डोळ्यांदेखतच कापलं जातं. त्यांच्याकडे संशय कंपनीच्या पॅकबंद मालावर होता, म्हणून माणसाकडे वळता आलं. आपल्याकडे संशय थेट जिवंत कोंबडीवर येतो. तिथून वळून जायचं कुठे, तर मटणाकडे किंवा पनीरकडे.

श्रावणात आम्ही कधी असे घाबरत नाही. श्रावणाची तारीख कालनिर्णयवर असते. पोरं गावाला जातात, पिल्लं आधीच कमी टाकतात, गटारीला हात धुऊन घेतात. महिनाभर शटर अर्धं असलं तरी कुणी पैसे परत मागत नाही. अफवेची तारीख कुणाला माहीत नसते, घाबरवतं ते हे.

पण अफवेलाही तिची चाल असते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीने कोरोना होतो म्हणून शेडवरचा भाव उत्पादन खर्चाच्या पार खाली गेला. काहींनी पिल्लं खड्ड्यात पुरली. पिल्लं टाकणं थांबलं. अंड्यातून पिल्लू निघायला २१ दिवस, पिल्लाची कोंबडी व्हायला ४० दिवस, म्हणजे दोन महिन्यांचा माल गायब. मे महिन्यात तीच कोंबडी लोक चढ्या भावाने शोधत होते. तेव्हा दुकान ज्याचं उघडं होतं त्याने कमावलं. मोठ्या कंपन्यांकडे कोल्ड स्टोरेज असतं, त्या थांबू शकतात. आमच्यासारखे छोटे भागीदार नेमके तळाला असताना पैसे काढतात आणि दुकान वर जाताना भिंतीबाहेरून बघतात. आत्ताही पिल्लं कमी टाकल्याचं कानावर येतंय. १४ मार्चला धुळवड, त्याआधी २ तारखेपासून रोजे. एप्रिलच्या शेवटी माल कमी पडेल असा माझा अंदाज.

सलीमभाईंना कागद काढा म्हणून सांगायचं होतं, पण दिवसाला ११०० रुपयांवर उभ्या असलेल्या माणसाला भाषण कसं देणार. ‘शेठ, तुम्ही रोज इथे उभे राहा, मग बघू,’ असं ते म्हणाले असते तर पटलंच असतं. खाली आणखी दोन ओळी घाला एवढंच म्हटलं: माल रोजचा रोज, आणि घरी चिकन धुऊ नका, थेट शिजवा. ‘धुऊ नका सांगितलं तर लोक आम्हालाच वेडे म्हणतील,’ म्हणाले. पण लिहितो म्हणाले.

उद्या शिवजयंतीची सुट्टी आणि वर बुधवार. एरवी वीस क्रेट लागले असते, पाचच उतरवायला सांगितलेत. संपले की शटर खाली. मार्चचं भाडं माझ्याकडून. सतीशला पैसे काढायचं धुळवडीपर्यंत थांब म्हटलंय. हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. काकांशीही याबद्दल उद्या बोलेन.