तुम्ही सकाळी किती वाजता उठता?

नाशिकला बदलून आलेले अधिकारी, मुंबईला कंटाळून इकडे फ्लॅट बघत फिरणारी जोडपी, पुण्याचा माझा भाचा, सगळे मला एकच विचारतात, "नाशिकमध्ये राहायचं तर कुठे राहावं?" मलाच का, तर मी बत्तीस वर्षं बँकेत काढली आणि त्यातली बरीचशी या शहरातल्याच सहा शाखांमध्ये. सहाही ठिकाणी कॅश काउंटरवर बसले आहे. कुठल्या भागात कोण राहतं हे काचेच्या त्या भोकातून जितकं कळतं तितकं बिल्डरच्या रंगीत पत्रकातून कळत नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पण आधी मला एक सांगा, सकाळी किती वाजता उठता?

हसू नका. महापालिकेच्या कागदावर नाशिकचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. पाणीपट्टी भरायला तेवढे पुरतात. राहायला मात्र त्या त्या भागाची सकाळ बघावी लागते. ती मानवली तर पुढचा दिवस मानवतो.

पंचवटीची सकाळ पहाटे चारलाच होते. घंटा, काकड आरती, गंगेवर निघालेल्या चपलांचा आवाज. गंगा म्हणजे गोदावरी. तिला गोदावरी म्हणतात ते पेपरवाले आणि पाहुणे. आम्ही "गंगेवर जाऊन येते" असंच म्हणतो. माझी पहिली शाखा पंचवटीतली. सोमवारी कुलूप उघडायच्या आधीच दारात चिल्लरच्या पिशव्या घेऊन माणसं उभी असायची. ती नाणी ओली असायची. एकमेकांना चिकटलेली, हळदकुंकू लागलेली, मधेच एखादी फुलाची पाकळी. मोजून झाली की बोटं लाल-पिवळी व्हायची आणि डब्याच्या पोळीलाही कुंकवाचा वास यायचा. रामकुंडात पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि नाणी वर काढतात. त्यातल्या एकाने मला शिकवलं होतं, "मॅडम, रुपया चुंबकाला लागतो, पाचचं पिवळं नाही लागत. त्याच्यासाठी बुडी मारावी लागते." नाण्यात कुठला धातू असतो हे मी बँकेच्या परिपत्रकातून नाही, या पोराकडून शिकले.

तिथले उपाध्ये खाती उघडायला आले की मजा यायची. समोरच्याचं आडनाव आणि गाव ऐकलं की सात पिढ्या वहीत शोधून काढणारी ही माणसं, आमच्या फॉर्मवर स्वतःची जन्मतारीख लिहिताना मात्र अडायची. आणि तिथेच काळाराम मंदिर. माझ्या एका सहकाऱ्याचे आजोबा २ मार्च १९३० ला तिथे सुरू झालेल्या सत्याग्रहात होते. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांसारखे इथलेच कार्यकर्ते पुढे. मंदिराचे दरवाजे बंदच राहिले आणि सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. हा सहकारी दर २ मार्चला मंदिराच्या दरवाज्यापाशी पाच मिनिटं उभा राहायचा आणि मग शाखेत यायचा. आत जायचा का, हे मी कधी विचारलं नाही. पंचवटीत रामाचे दिवस बारा महिने असतात. हा एक दिवस सगळ्यांनाच आठवतो असं नाही.

पंचवटीत घर घ्याल तर सिंहस्थाचा, म्हणजे कुंभमेळ्याचा, विचार करून घ्या. बारा वर्षांतून एकदा येतो. मागचा २०१५ ला झाला, पुढचा २०२७ चा. पर्वणीच्या दिवशी स्कूटर दारातून बाहेर निघत नाही. मी बॅरिकेडमधून वाकून, घामाघूम होऊन शाखेत पोहोचले तर दिवसभरात ग्राहक आले तीन.

पूल ओलांडला की जुनं नाशिक. "नाशिक नव टेकांवर वसविले" असं जुनी माणसं म्हणतात, म्हणजे नऊ टेकड्यांवर, ते इथे पायांना कळतं. चित्रघंटा, डिंगर अळी, महालक्ष्मीचा टेक, जुनी गढी. सपाट म्हणून काही नाही, सायकल एकतर ढकलायची नाहीतर ब्रेक दाबून धरायची. माझा जन्म इथल्याच एका वाड्यातला. सकाळ तशी उशिरा, कारण सराफ बाजार आणि भांडी बाजार लवकर उघडत नाहीत. पण झोपू देतील असं नाही. तांब्या-पितळेवर ठोके पडायला लागले की गजराची गरज राहत नाही.

या भागावर खरं प्रेम करायचं तर रंगपंचमीला या. आम्ही धुळवडीला नाही, रंगपंचमीला रंग खेळतो आणि तोही रहाडीत. रहाड म्हणजे चौकात भर रस्त्याखाली असलेला दगडी हौद, पेशवाईपासूनचा. वर्षभर त्यावर लाकडाच्या फळ्या आणि माती, वरून रिक्षा जातात, कुणाला पत्ताही नसतो. रंगपंचमी जवळ आली की तो उघडतात, पूजा करतात, फुलांचा रंग उकळून ओततात आणि मग माणसं त्यात धप्पकन उड्या मारतात. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, पंचवटीतला शनी चौक अशा मोजक्याच ठिकाणी रहाडी उरल्या आहेत. माझा भाऊ उडी मारून आला की आईची अंथरुणं आठवडाभर रंगीत निघायची. पुढच्या सोमवारी काउंटरवर कान रंगलेला ग्राहक आला की विचारायचं नाही, ओळखायचं, "गंगेच्या अलीकडचे ना?"

आता इथली अडचणही सांगते, नाहीतर नंतर म्हणाल लपवलं. नदीत, रामकुंडाच्या जरा पुढे, दुतोंड्या मारुती उभा आहे. दोन्हीकडे तोंड असलेला. नाशिकचा पूर मीटरमध्ये मोजत नाहीत, मारुतीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं तर बघायला जायचं, कमरेला लागलं तर दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला घेतात, छातीच्या वर गेलं की सराफ बाजारात आणि दहीपुलावर पाणी येणार हे ठरलेलं. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये मारुती दिसेनासाच झाला होता. त्यातल्या एका पुराची गोष्ट, आमच्या शाखेचं रेकॉर्ड तळघरात होतं. ते वर न्या असं मी दोन वर्षं लेखी कळवत होते. वरून उत्तर आलं की जागा नाही. पूर ओसरल्यावर मी आणि शिपाई लेजरची पानं दोरीवर चिमटे लावून वाळवत बसलो होतो. जुन्या नाशिकमध्ये घर बघायला गेलात की भिंतीवर खालून पोपडे कुठपर्यंत आलेत ते आधी बघा. मालक सांगणार नाही, भिंत सांगते.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोड सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे लवकर आटोपते. बंगले होते तिथे टॉवर झाले, सकाळी सहाला कृषीनगरच्या ट्रॅकवर चालणारे आणि रविवारी मिसळीला रांगा. मिसळ मात्र शहराबाहेर मळ्यात बसून, पापड, दही आणि वर जिलबी घेऊन खायची अशी आता पद्धतच पडली आहे; आमच्या लहानपणी मिसळीनंतर जिलबी मागितली असती तर आजीने डोळे वटारले असते. कुसुमाग्रजांच्या नावाचं प्रतिष्ठान इथे, सोमेश्वर इथे, पुढे गेलं की धरण. आनंदवल्लीतून जाताना जरा थांबा. हे नाव पेशवाईतल्या आनंदीबाईंवरून पडलं आणि आता तिथे टू बीएचकेचे फलक आहेत. राहायला उत्तम. काउंटरवर कंटाळा यायचा, कारण इथला ग्राहक आत येताना गाडी कुठे लावली याचीच काळजी करत असतो.

त्यापेक्षा मला शरणपूर रोडचं कौतुक आहे आणि ते कुणी विचारत नाही. या रस्त्याला हे नाव मिशनऱ्यांच्या वस्तीवरून पडलं. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची आणि त्यावरून सुटलेली आफ्रिकेतली मुलं या शरणपूरला आणली जायची. इथे ती शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली आणि पुढे त्यातली काही परत आफ्रिकेत गेली. "नाशिक बॉईज" असंच त्यांना म्हणायचे. आफ्रिकेत फिरणारा प्रवासी-मिशनरी लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत घेऊन येणाऱ्यांत जेकब वेनराइट नावाचा इथे शिकलेला तरुण होता. तो शवाबरोबर थेट लंडनपर्यंत गेला. आता त्या रस्त्यावर मोबाईलची आणि चष्म्याची दुकानं आहेत, सिग्नलला हॉर्न वाजत असतात. मी मात्र तिथून जाताना दर वेळी मनात म्हणते, अरे, इथून कोण कुठे पोहोचलं होतं.

सिडकोवर माझा जीव आहे, कारण वाडा सोडून बाबा आम्हाला तिथेच घेऊन आले. बाबा सातपूरला कंपनीत होते. सिडकोने इथे सहा योजना बांधल्या आणि लोक अजूनही पत्ता देताना "तिसरी स्कीम, पवननगरच्या पुढे" असंच सांगतात. घरं इतकी छोटी की पाहुणे आले की आम्ही भावंडं ओट्यावर. मग प्रत्येकाने पुढे एक खोली काढली, वर एक मजला चढवला, जिना बाहेरून काढला. आज गल्लीतून दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावंच लागतं. इथली सकाळ पहिल्या शिफ्टची. पाच वाजता गल्लीभर प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, सहाला अंबड आणि सातपूरच्या बसेस. आणि रात्री अकराला पुन्हा एकदा सकाळ होते, कारण दुसरी शिफ्ट सुटून येते. पावभाजीच्या गाड्या उगाच नाहीत त्या वेळेला पेटलेल्या. शांतता हवी असेल तर सिडकोत येऊ नका. शेजार हवा असेल तर दुसरीकडे जाऊ नका. बाबा गेले तेव्हा आमच्या घरी तेरा दिवस चूल पेटली नाही, तरी चौदा माणसं दोन वेळा जेवत होती.

सातपूरच्या शाखेत दर महिन्याच्या सात ते दहा तारखेला मला मान वर करायला वेळ नसायचा. वीस तारखेनंतर तीच माणसं सोनं तारण कर्जाची चौकशी करायला यायची. त्याच चेहऱ्यांनी, आवाज मात्र खाली.

नाशिकरोड हे वेगळंच गाव आहे आणि तिथल्या माणसांसमोर असं म्हटलं तर त्यांना बरंच वाटतं. ती लोकं शहराकडे निघाली की "नाशिकला जाऊन येतो" म्हणतात. स्टेशन शहरापासून आठ-नऊ किलोमीटर लांब पडलं म्हणून १८८९ मध्ये तिथून मेन रोडपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली होती, १९३३ च्या आसपास ती बंद पडली. आता त्याच अंतराला शेअर रिक्षावाला "एक सीट, एक सीट" करत वीस मिनिटं थांबवतो. इथली सकाळ पंचवटी एक्स्प्रेसची. १९७५ पासून ही गाडी रोज मुंबईला माणसं नेते आणि रात्री परत आणते. पासवाल्यांच्या डब्यात वाढदिवस होतात, भिशी चालते, लग्नंही जुळतात. मुंबईत नोकरी ठेवून नाशिकला राहायचं स्वप्न बघत असाल तर आधी महिनाभर तो पास काढून बघा.

दुसरी गोष्ट प्रेस. सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, नोटांची १९२८ ची. लोकांना वाटतं नाशिकरोडच्या बँकेत कोऱ्या नोटांचा पूर येत असेल. छे. भिंतीपलीकडे छापलेली नोट आधी रिझर्व्ह बँकेकडे जायची आणि मग कुठून कुठून फिरून आमच्याकडे यायची. नोटा छापणारे काका पेन्शन काढायला यायचे तेव्हा मी दिलेली प्रत्येक नोट उजेडात धरून बघायचे. "आमच्यावेळी छपाई अशी नव्हती," असं म्हणून खिशात घालायचे.

देवळाली कॅम्पला मी फक्त दीड वर्षं होते आणि ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस. तोफखान्याचं केंद्र, लॅम रोडची झाडं, गुजराती आणि पारशी लोकांची सॅनिटोरियम. ब्रिटिश सैनिक मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे, त्या कंटाळ्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला "डूलाली" असा शब्दच तयार झाला. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला माजी सैनिक रांगेत उभे राहायचे ते काठी टेकून, पण ताठ. रांग मोडणं त्यांना माहीतच नव्हतं. ज्यांना सकाळी उठायची घाईच नाही त्यांनी खुशाल कॅम्पला जावं. भाज्या ताज्या मिळतात, गप्पांना माणूस मिळतो, फक्त रात्री नऊनंतर काही लागलं तर उद्यावर ढकलायचं.

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव या नव्या वस्त्यांबद्दल मी काय सांगू? तिथे माझी शाखा नव्हती. सकाळी स्कूलबसचे हॉर्न ऐकू येतात एवढं माहीत आहे.

माझ्या भाच्याने हे सगळं ऐकलं, मान डोलावली आणि पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला, पार्किंग मिळतंय म्हणून. नवव्या मजल्यावर. तिथून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो, गंगा काही दिसत नाही आणि पुराचा तर प्रश्नच नाही. मागच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली तेव्हा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला.

"मावशी, मारुतीला किती पाणी?"