कार्टूनच तर आहे!

सहामाही संपली की शेवटच्या दिवशी आमच्या शाळेत हॉलमध्ये सतरंज्या टाकून सिनेमा दाखवतात. यंदा पहिली ते चौथीसाठी 'इन्क्रेडिबल्स २' ठरला. हिंदीतला, म्हणजे त्यातल्या आईला काजोलचा आवाज. "आधी कुणीतरी बघून घ्या," असं बैठकीत मीच म्हणाले आणि अर्थातच काम माझ्याच गळ्यात पडलं. सर म्हणाले, "बाई, कार्टूनच तर आहे!"

शनिवारी शाळा सुटल्यावर वही घेऊन बसले. दोन रकाने आखले: मारामारी आणि शिव्या. तान्हा जॅक-जॅक रकूनशी भिडतो तिथे रेघ मारायची की नाही यावर पेन अडलं. इतकं हसू येत होतं की सोडून दिलं. मग ती आई, म्हणजे रबरासारखी ताणली जाणारी एलास्टिगर्ल, खलनायकाच्या खोलीत शिरते. तिथे काळापांढरा उजेड असा काही फडफडायला लागला की मी डोळेच मिटले. वहीत याला रकाना नव्हता.

डोळे मिटल्यावर आठवला दुसरीतला एक मुलगा. त्याला फिट येते. त्याच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "बाई, घरातली ट्यूबलाइट फडफडली तरी मी त्याला बाहेर नेते."

मग शोधाशोध केली. २०१८ मध्ये हा सिनेमा अमेरिकेत लागला, तेव्हा खुद्द डिस्नेने थिएटरांना याबद्दल सूचना लावायला सांगितलं होतं. फिट येणाऱ्यांपैकी शंभरात तिघांनाच उजेडाचा असा त्रास होतो, पण त्यात लहान मुलं आणि वयात येणारी जास्त. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटानंतर ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. सेन्सॉरने २०२४ मध्ये यूएचे, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांचे, ७+, १३+, १६+ असे भाग पाडले, त्यातून वय कळतं. ट्यूबलाइट कळत नाही.

सर म्हणाले, "त्या एकाला वर्गात बसवू." दिवाळीच्या तोंडावर एकट्याला वर्गात! मी अडून बसले.

शेवटी २००४ चा पहिला भाग ठरला, 'हम हैं लाजवाब'. बापाला शाहरुख, त्यातल्या मुलाला आर्यनचा आवाज. तोही रात्री जागून बघितला. सुरुवातीला एक माणूस जीव द्यायला इमारतीवरून उडी मारतो. तेवढा तुकडा पुढे पळवायचा ठरवला. विमानावर क्षेपणास्त्रं सुटतात, आत मुलं असतात. तिथे वहीत तीन रेघा मारल्या. पहिलीची पोरं इथे रडणार, असं शिपाईमामांना बजावूनही ठेवलं.

त्या दिवशी त्या मुलाची आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. तो मात्र पुढच्या रांगेत, चिवड्याची पुडी घेऊन. क्षेपणास्त्रांना हॉलभर नुसता आरडाओरडा, शिट्ट्या. कुणी रडलं नाही.

हॉल गप्प झाला होता तो त्याच्या बराच आधी. रात्री उशिरा बाप घरी येतो, आईशी भांडण जुंपतं, भांडता भांडता ती ताणून त्याच्याहून उंच होते आणि पोरं आडून ऐकत असतात. माझ्या वहीत तिथे एकही रेघ नव्हती. तिसरीतली एक मुलगी उठून माझ्याजवळ आली, मांडीला टेकली.

"बाई, आता हे वेगळे राहणार?"

"नाही गं. बघ ना पुढे."

ती सिनेमा संपेपर्यंत सतरंजीचा धागा उसवत तिथेच बसली.