पाच वाजताचा आकडा माझाही होता

निकाल लागून आठेक दिवस झाले असतील, रात्री जेवायला बसलो आणि फोन वाजला. "सर, ओळखलंत का? बूथवर एजंट होतो मी." डब्यातली चटणी दिली होती त्याने मला, म्हणून ओळखलं. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान, मी केंद्राध्यक्ष. पोरगा चिडलेला. "पाच वाजता ५८.२२ टक्के आणि शेवटी ६६.०५, सर मधली ७६ लाख मतं कुठून आली तेवढं सांगा."

घास हातातच राहिला कारण त्या पाचच्या आकड्यात थोडा हात माझाही होता. झालं असं की तेव्हा दर दोन तासांनी टक्केवारी झोनलला, म्हणजे आमच्या भागातले बूथ बघणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायची होती, तीनपर्यंत सगळं वेळेत गेलं. त्यानंतर शेतातली माणसं एकदम आली, बायका पोरंबाळं घेऊन, रांग पार हापशापर्यंत. ४.२० ला मशीनचं टोटल बटण दाबून पाहिलं होतं, ५८८. पाचला झोनलचा फोन, "गुरुजी आकडा द्या लवकर, वरून ओरडतायत", इकडे एका आजीबाईंचं नाव यादीत सापडेना, म्हटलं लिहा ५८८. म्हणजे माझ्या बूथचा पाचचा आकडा चाळीस मिनिटं शिळा होता. वर कोणी विचारलंही नाही.

सहाला गेट बंद केलं आणि रांगेच्या शेवटच्या माणसापासून सही केलेल्या चिठ्ठ्या वाटत पुढे आलो (पुढून वाटल्या की मागून माणसं घुसतात, हे एकदा भोगलंय). ५७ चिठ्ठ्या. शेवटचं मत सातला पडलं. क्लोज दाबलं, टोटल आली ७४२ आणि मतदारांच्या सह्यांच्या रजिस्टरवर ७४३. पोटात गोळाच आला! दोनदा मोजलं, मग रजिस्टर सांभाळणाऱ्या मॅडमना आठवलं की एक जण सही करून बायकोशी भांडत तसाच निघून गेला होता. मॅडमनी त्याच वेळी शेरा मारून ठेवला होता म्हणून वाचलो. यादीत ११२८ नावं, म्हणजे ५२ वरून जवळपास ६६ टक्के, आणि एकही मत बाहेरून आलेलं नाही, सगळी माझ्या डोळ्यांदेखत.

हे सगळं त्याला सांगितलं. म्हटलं, राज्यात एक लाखाच्या वर बूथ, ७६ लाखाला भागलं तर बूथमागे पाऊणशे येतात. तो म्हणाला, "सरासरी नका सांगू सर." बरोबरच होतं त्याचं, सरासरीत कुठलाही एक बूथ झाकला जातो. मग मी विचारलं, १७ सी ची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या फॉर्मची प्रत कुठंय? सही घेऊन दिली होती तुला. गप्प. दुसऱ्या पक्षाचा एजंट तर सातला जीप सुटेल म्हणून प्रत न घेताच पळाला होता, मी हाका मारत राहिलो. आणि हेच लोक नंतर म्हणणार आकडे लपवले. पण खरं सांगायचं तर आयोगाने सगळ्या बूथचे १७ सी साइटवर टाकले असते तर या पोराला मला फोन करायची वेळच आली नसती. ते ना लोकसभेला टाकले ना विधानसभेला, वर डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून बूथवरचं सीसीटीव्ही बघायची वाटही अडवली. मग माणसं शंका घेणार नाहीत तर काय.

दोन दिवसांनी त्याचा फोटो आला, गाडीच्या डिकीत ऑइलचे डाग पडलेला, चार घड्यांचा कार्बनचा कागद. त्यावर ७४२, खाली माझी घाईतली सही. मतमोजणीच्या फॉर्म २० मध्ये, म्हणजे बूथवार निकालाच्या तक्त्यात, आपल्या बूथची बेरीज बघ म्हटलं, तीही ७४२.

"तुमच्या बूथचं जुळलं सर. शेजारच्या खोलीतल्या बूथचं?"

तिथला एजंट कोण होता ते विचार आणि त्याची डिकी बघ म्हटलं.