इस्तंबूलमध्ये कॉन्स्टंटाइन गोळा करताना

बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटांच्या यादीत कॉन्स्टंटाइन नावाचे ११ जण आहेत. पहिल्याने हे शहर, तेव्हाचं कॉन्स्टंटिनोपल, वसवलं, अकराव्याने ते राखता राखता जीव दिला, आणि दोघांच्याही आयांचं नाव हेलेना. इस्तंबूलचा बेत ठरला तेव्हाच मी घरी सांगून टाकलं, बाजारहाट आणि बोस्फरसची बोट तुम्ही बघा, मी कॉन्स्टंटाइन गोळा करणार.

हे आकडे मात्र त्यांचे स्वतःचे नव्हेत. हयातीत कुणी स्वतःला 'सातवा' किंवा 'नववा' म्हणवून घेत नव्हतं. ती मागाहून आलेल्या इतिहासकारांची सोय. ओळख पटायची ती उपनावांनी, आपण थोरले माधवराव आणि सवाई माधवराव म्हणतो तशी. बरं, ती सोय तरी कुठे धड आहे! सातव्याच्या काळात त्याच्या सासऱ्याने, रोमानोस लेकापिनोसने, सत्ता बळकावून आपल्या मुलांनाही सहसम्राट केलं. त्यांतल्या एकाचंही नाव कॉन्स्टंटाइन. म्हणजे एकाच दरबारात दोन मुकुटधारी कॉन्स्टंटाइन, आणि त्या दुसऱ्याला यादीत आकडाच नाही.

पहिल्याचा खांब चेंबर्लिताशच्या ट्राम थांब्याजवळच आहे. ११ मे ३३० रोजी नव्या राजधानीचं उद्घाटन झालं, त्या वेळचा. जांभळट पोर्फिरी दगडाचे प्रचंड गोल तुकडे एकावर एक रचलेले, भोवती लोखंडी कडी, आगीने काळवंडलेलं अंग. माथ्यावरचा सम्राटाचा पुतळा ११०६ च्या वादळात कोसळला. खरं सांगायचं तर खांब देखणा नाही, पण रोज त्याच्या शेजारून ट्राम पकडणाऱ्यांना त्याची काही पडलेली नाही, हे मला आवडलं.

सातवा भेटतो सुलतानअहमत चौकात, जुन्या रथशर्यतींच्या मैदानावर. तिथे गर्दी असते ती इजिप्तहून आणलेल्या ओबेलिस्कपाशी, म्हणजे निमुळत्या दगडी स्तंभापाशी. त्याच रांगेत थोडं पुढे ओबडधोबड दगडांचा, भोकाभोकांचा सुमारे ३२ मीटर उंच खांब उभा आहे. सातव्या कॉन्स्टंटाइनने तो दुरुस्त करून सोनेरी मुलामा दिलेल्या ब्राँझच्या पत्र्यांनी मढवला. पत्रे १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातल्या लुटारूंनी नेले, भोकं उरली. पायथ्याच्या ग्रीक लेखात त्याचं आणि त्याचा मुलगा रोमानोसचं नाव आहे, शिवाय ऱ्होड्सच्या महाकाय पुतळ्याशी बरोबरीचा दावाही. बापाच्या चौथ्या लग्नामुळे चर्चने ज्याच्या औरसपणावर बोट ठेवलं, ज्याला सासऱ्याने पंचवीसेक वर्षं बाजूला बसवलं, त्याने अशी फुशारकी मारली तर मी तरी नावं ठेवणार नाही. त्या रिकाम्या वर्षांत तो वाचत, लिहीत राहिला, आणि दरबारी रीतिरिवाजांवरचा त्याने तयार करवलेला ग्रंथ आजही अभ्यासकांच्या कामी येतो.

आता नववा. हाया सोफियात, एकेकाळच्या चर्चमध्ये आणि आताच्या मशिदीत, परदेशी पर्यटकांना वरच्या सज्जात जायला २५ युरोंचं तिकीट आहे. महाग आहे, पण दक्षिण सज्जाच्या टोकाची ती एक भिंत पैसे वसूल करते. तिच्यावर मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र आहे: मधोमध ख्रिस्त, आपल्या डावीकडे हातात पैशांची थैली घेतलेला सम्राट, उजवीकडे सम्राज्ञी झोई. नीट निरखलं की सम्राटाच्या डोक्यावरची अक्षरं दाटीवाटीने कोंबलेली दिसतात. कारण तिथे आधी दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. बहुधा झोईचा पहिला नवरा, तिसरा रोमानोस. तो १०३४ मध्ये स्नानगृहात मेला आणि झोईने लगोलग चौथ्या मायकेलशी लग्न केलं. तोही गेला. मग दत्तक घेतलेल्या पाचव्या मायकेलने तिलाच हद्दपार केलं, तेव्हा शहर पेटून उठलं आणि लोकांनी तिला परत आणलं. १०४२ मध्ये, साठी उलटल्यावर, तिने तिसरं लग्न केलं ते कॉन्स्टंटाइन मोनोमाखोसशी, म्हणजे आपल्या नवव्याशी. चित्र नवं कशाला काढा? चेहरा खरवडला, नाव बदललं, झोईच्या हातातल्या गुंडाळीवरही 'कॉन्स्टंटाइन' लिहिलं. धड जुनं, डोकं नवं. झोईचा आणि ख्रिस्ताचा चेहराही पुन्हा बसवलेला आहे. ख्रिस्ताचा का बदलावा, यावर अभ्यासकांत वाद आहेत. झोई मात्र चित्रात विशीतली दिसते. या नवरोबाने पुढे आपली प्रेयसीही राजवाड्यात आणली, तीही झोईच्या संमतीने.

याच नवव्याच्या कारकिर्दीत, १६ जुलै १०५४ रोजी, पोपच्या दूताने खालच्या वेदीवर बहिष्काराचा कागद ठेवला, आणि पूर्व-पश्चिम चर्चमधली दरी रुंदावली. वरून ती जागा शोधत मी बराच वेळ कठड्याशी रेंगाळलो.

पाचव्यासाठी टोपकापी राजवाड्याच्या पहिल्या चौकातलं हाया इरेनी हे जुनं चर्च. ७४० च्या भूकंपानंतर त्याने ते पुन्हा उभारलं. मूर्तिपूजेचा कट्टर वैरी, म्हणून वेदीमागच्या अर्धगोलात संत नाहीत, सोनेरी पार्श्वभूमीवर नुसता काळा क्रूस. चिडलेल्या विरोधकांनी त्याला 'कोप्रोनिमोस', म्हणजे शेणनाव्या, म्हणून इतिहासात ठेवलं. तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या पाण्यात त्याने घाण केली, असा किस्सा.

अकराव्यासाठी ट्रामने तटबंदीकडे जावं. तिथला टोपकापी थांबा म्हणजे राजवाडा नव्हे. तो तटाचा दरवाजा, शहराच्या दुसऱ्या टोकाला. २९ मे १४५३ च्या पहाटे याच भागात, परंपरेने संत रोमानोसच्या म्हटल्या जाणाऱ्या दरवाजाजवळ, तो ऑटोमन तुर्कांशी लढताना पडला असं मानतात. यादीवाल्यांचा घोळ इथेही आहे: १२०४ मधल्या कॉन्स्टंटाइन लास्कारिसला मोजलं तर हा बारावा ठरतो.

तटाच्या कडेने उत्तरेकडे चालत गेलात तर तेकफुर सराय लागेल. लाल विटा आणि पांढऱ्या दगडांच्या नक्षीचा हा राजवाडा 'पोर्फिरोजेनिटसचा', म्हणजे बाप गादीवर असताना जन्मलेल्या राजपुत्राचा, म्हणूनही ओळखला जातो. सातव्याचं उपनावही तेच, म्हणून मी त्याच्याच आशेने फलक वाचायला घेतला. पण हे उपनाव इथे आठव्या मायकेलच्या मुलाचं आहे. नाव कॉन्स्टंटाइनच, पण सम्राट कधीच झाला नाही.