तुम्ही विचारलंत म्हणून : सर्व्हर दोन, मग एसएसडी एकच का नको?

"भाऊ, सर्व्हर दोन घेतले न, मग एवढी महागाची एसएसडी दोघांत एकच ठेवली तं नाही जमत का?" नागपूरच्या धंतोलीतल्या हॉस्पिटलांत एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून सर्व्हर दोन असतात, आणि हा प्रश्न मला हमखास येतो.

जमतं. पण मी सहसा करू देत नाही. एनव्हीएमई डिस्क, म्हणजे वेगवान एसएसडी, पीसीआयई या मदरबोर्डावरच्या थेट जोडणीवर बसते, म्हणजे ज्या मदरबोर्डाला जोडली त्याचीच. दोन पोर्टच्या डिस्क मिळतात; त्यांच्या चार लेन (डेटा नेणाऱ्या वाटा) दोन-दोन करून दोन्ही सर्व्हरकडे नेता येतात. त्याला खास पेटी लागते, आणि एवढं करून डिस्क एकच. ती गेली की दोन्ही सर्व्हर हात चोळत बसणार.

म्हणून मी दोघांत स्वतंत्र एसएसडी टाकतो आणि डीआरबीडी चालवतो, म्हणजे एकीकडे लिहिलेलं नेटवर्कवरून दुसरीकडच्या डिस्कवरही लिहिणारं सॉफ्टवेअर. २०१० पासून ते लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्येच आहे. त्याच्या 'प्रोटोकॉल सी' या पद्धतीत दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय 'झालं' असं उत्तर मिळत नाही. वाचणं घरच्याच डिस्कवरून, पूर्ण वेगात. लिहिताना मात्र वायर आडवी येते: १० गिगाबिटची लाइन सेकंदाला सव्वा जीबीच्या वर नेत नाही, चांगली एनव्हीएमई त्याच्या दुपटीहून जास्त लिहू शकते. मी २५ गिगाबिटची कार्डं लावून थेट एकमेकांना जोडतो, मध्ये स्विच नाही.

खरी डोकेदुखी ही वायर तुटली की सुरू होते. दोघांनाही वाटतं दुसरा मेला, आणि दोघंही मालक होऊन लिहू लागतात. मग वायर परत जोडून स्टेटस बघावं तर 'स्टँडअलोन', म्हणजे एकमेकांशी बोलणंच बंद, आणि दोन्हीकडे पेशंटची वेगवेगळी बिलं. ती आपोआप एकत्र होत नाहीत. एका बाजूचं लिखाण टाकून द्यावंच लागतं. कोणाचं, ते डॉक्टरसाहेबांनी सांगावं बाप्पा, मी नाही सांगणार.

यावर उपाय म्हणजे आधी दुसऱ्याची वीज आयपीएमआयवरून (सर्व्हर दुरून चालू-बंद करायची त्याच्यातलीच सोय) बंद करायची, मगच ताबा घ्यायचा. पण आपल्याकडे मे महिन्यात भरदुपारी एक यूपीएस बसला, की त्या सर्व्हरसोबत त्याचं आयपीएमआयही जातं. बंद झाल्याची खात्री कोण देणार? उरलेला सर्व्हर थांबून राहतो, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून डीआरबीडीच्या ९व्या आवृत्तीत तिसरं एक साधं मशीन फक्त मतापुरतं ठेवतो. त्यात डेटा नसतो, रिसेप्शनवरचा जुना डेस्कटॉपही चालतो. ज्याच्याकडे बहुमत तो लिहितो, एकट्या पडलेल्याचं लिहिणं थांबतं. फक्त हे तिसरं मशीन सर्व्हरांच्या त्या दोन यूपीएसपैकी एकावरही लावू नका.