कॉर्नवॉलिसला दमवणारा सेनापती

कॉर्नवॉलिस म्हटलं की आपल्याला शाळेतली कायमधारा पद्धत आठवते, फार तर टिपूवरची स्वारी. हिंदुस्थानात येण्याआधी हा गृहस्थ अमेरिकेत लढत होता आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला अख्ख्या फौजेसकट शरण गेला होता. त्याचं श्रेय वॉशिंग्टनला आणि फ्रेंच आरमाराला मिळतं, आणि ते रास्तच आहे. पण कॉर्नवॉलिस व्हर्जिनियाच्या त्या कोपऱ्यात मुळात जाऊन पडला कसा, हे समजून घ्यायचं तर आधीच्या हिवाळ्यात कॅरोलायनाच्या नद्यांकाठी काय चाललं होतं ते बघावं लागतं. तिथे त्याच्यासमोर होता अमेरिकन सेनापती नॅथनेल ग्रीन. दक्षिणेत स्वतः लढवलेली एकही मोठी लढाई या माणसानं जिंकली नाही, आणि तरीही दोन वर्षांत इंग्रजांच्या हातात तिथली बंदरं सोडून फारसं काही उरलं नाही.

ग्रीन ऱ्होड आयलंडचा, जन्म १७४२चा. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे युद्ध निषिद्ध. घरचा धंदा लोखंडाच्या भट्टीचा, जहाजांचे नांगर बनवायचा. पायानं थोडा लंगडायचा. नोव्हेंबर १७७६मध्ये न्यूयॉर्कजवळचा फोर्ट वॉशिंग्टन हा किल्ला राखून ठेवावा हा सल्ला त्याचाच. किल्ला पडला आणि सुमारे २,८०० माणसं इंग्रजांच्या कैदेत गेली. मार्च १७७८मध्ये वॉशिंग्टननं त्याच्या गळ्यात क्वार्टरमास्टर जनरलचं काम घातलं. गाड्या, घोडे, तंबू, दाणावैरण, रस्ते, छावण्यांच्या जागा, सगळं त्याच्याकडे. इतिहासात क्वार्टरमास्टरचं नाव कुणी कधी ऐकलंय का, अशी त्याची कुरकुर असायची. माझ्या मते दक्षिणेतला ग्रीन घडला तो याच खात्यात.

दक्षिणेची अवस्था वाईट होती. १२ मे १७८० रोजी चार्ल्सटन बंदर पडलं, पाच हजारांवर माणूस कैद झाला. १६ ऑगस्टला कॅमडनला अमेरिकन जनरल गेट्सची फौज उधळली गेली. डिसेंबरच्या सुरुवातीला ग्रीननं शार्लट गावी सूत्रं घेतली तेव्हा कागदावर सुमारे २,३०० माणसं होती. हजर दीड हजाराच्या आत, आणि अंगावर धड कपडे व हातात धड हत्यार असलेली जेमतेम ८००. तिजोरीत खडखडाट. काँटिनेंटल, म्हणजे अमेरिकन काँग्रेसच्या, चलनाला कुणी विचारत नव्हतं.

मात्र शार्लटला पोचण्याआधी, वाटेतच त्यानं एक काम सुरू केलं होतं. नद्या मोजायचं. डॅन नदी एडवर्ड कॅरिंग्टनकडे, यॅडकिन जनरल स्टीव्हन्सकडे, कटॉबा पोलिश इंजिनिअर कोश्चुश्कोकडे. पाणी किती खोल, ओढ किती, खडक कुठे, उतार कुठे, आणि काठावर कुणाकडे किती होड्या आहेत. या मुलखात नद्या वायव्येकडून आग्नेयेकडे आडव्या वाहतात आणि हिवाळी पावसात एका रात्रीत फुगतात. सकाळी गुडघाभर पाण्यातून गाडी गेली त्याच उतारावर संध्याकाळी घोडा वाहून जातो. अशा ठिकाणी ज्याच्याकडे होड्या, त्याच्याच हाती वेळ.

दाणागोट्याचं खातं त्यानं विल्यम डेव्ही या तरुण घोडदळ अधिकाऱ्याच्या गळ्यात मारलं. आपल्याला पैशाचं आणि हिशेबाचं काही कळत नाही, असं डेव्ही म्हणाला. ग्रीनचं उत्तर होतं की पैसाच नाही, तेव्हा हिशेबाची चिंता नको! विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा होता: परगण्या-परगण्यातून धान्य आणि जनावरं पावतीवर उचलायची होती, आणि त्यासाठी मुलूख ओळखणारा माणूस लागत होता.

मग त्यानं ते केलं जे लष्करी पुस्तकात करू नये म्हणून सांगतात. आधीच कमी असलेली फौज, समोर जास्त ताकदीचा शत्रू, आणि तरी तिचे दोन भाग केले. डॅनियल मॉर्गनला सुमारे ६०० निवडक माणसं देऊन कटॉबाच्या पश्चिमेला धाडलं. उरलेल्यांना घेऊन स्वतः पूर्वेला पी डी नदीवर चेरॉजवळ गेला. मध्ये दीडशे मैलांच्या आसपास अंतर. पहिलं कारण पोटाचं: शार्लटच्या आजूबाजूचा मुलूख खाऊन संपला होता, आणि एका जागी दोन हजार तोंडं भरत नव्हती. दुसरं कारण कॉर्नवॉलिसला पेचात टाकायचं. तो मॉर्गनवर गेला तर ग्रीनला चार्ल्सटनची वाट मोकळी. ग्रीनवर गेला तर मॉर्गन नाइन्टी सिक्स (हे गावाचंच नाव) आणि ऑगस्टा इथल्या इंग्रजी ठाण्यांवर पडणार. मग कॉर्नवॉलिसनंही फौज फोडली आणि बॅनास्ट्र टार्लटनला अकराशेच्या आसपास माणसं देऊन मॉर्गनच्या मागे सोडलं.

१७ जानेवारी १७८१, काउपेन्स. इथे मिलिशिया म्हणजे काय चीज होती ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. गावोगावचे शेतकरी, काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या बोलीवर आलेले. अनेकांकडे शिकारीची रायफल. नेम लांबवर बसतो, पण तिला संगीन लागत नाही आणि भरायला वेळ जातो. समोरून संगिनी रोखलेली रांग चालून आली की हा माणूस पळतो. त्यात भित्रेपणापेक्षा हिशेब जास्त: दुसरी गोळी भरून होईतो संगीन पोटाशी आलेली असते.

मॉर्गननं पळणं गृहीतच धरलं. सर्वांत पुढे दीडशेच्या आसपास रायफलवाले, त्यांनी अधिकारी टिपायचे. मागे पिकन्सची मिलिशिया. तिनं दोन फैरी झाडायच्या आणि डावीकडून वळसा घेऊन टेकाडामागे जायचं. त्यामागे हॉवर्डच्या हाताखाली पक्के काँटिनेंटल, म्हणजे काँग्रेसच्या कायम फौजेतले शिपाई, आणि टेकाडाआड विल्यम वॉशिंग्टनचे (हा वॉशिंग्टन वेगळा) स्वार. रांगांमध्ये अंतर दीडशे यार्डांच्या आसपास, म्हणजे मागच्यांना पुढचे दिसत होते. हा बेत आदल्या रात्री मॉर्गननं शेकोट्यांभोवती फिरून शिपायांना स्वतः सांगितला. पुढचे मागे येऊ लागले तर घाबरायचं नाही, ते ठरलेलंच आहे, हे मागच्यांना ठाऊक होतं. पाठीमागे ब्रॉड नदी असल्यामुळे पळून जायलाही जागा नव्हती. ऐन लढाईत हॉवर्डच्या उजव्या तुकडीनं हुकूम चुकीचा ऐकला आणि अख्खी रांग मागे वळून चालू लागली. इंग्रज विस्कळीत होऊन धावत आले. मॉर्गननं थांबायची जागा दाखवली, रांग गर्रकन वळली आणि अगदी जवळून फैर झाडली. तासाभरात टार्लटनचे शंभरावर मेले, पाचशेवर पकडले गेले. मॉर्गनची माणसं मेली फक्त १२.

कॉर्नवॉलिस चवताळला. २५ जानेवारीला रॅमसर्स मिल इथे त्यानं स्वतःच्या गाड्या जाळल्या. तंबू गेले, सामानसुमान गेलं, रमची पिंपंही गेली. दारूगोळा, मीठ, औषधं आणि आजारी माणसं, एवढ्यापुरत्या गाड्या राखल्या. बाजारबुणग्यांनी पानिपतापर्यंत काय केलं हे वाचलेल्या आपल्याला हा निर्णय शहाणपणाचा वाटेल. गोम अशी की तळापासून दूर, शत्रूच्या मुलखात, हिवाळ्यात हे केलं तर परत भरून काढायला मागे काही उरत नाही. (दहा वर्षांनी, १७९१च्या मेमध्ये, याच माणसानं श्रीरंगपट्टणहून उपाशी फौजेनिशी परतताना जड तोफा फोडून टाकल्या आणि लगेच वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन रसदेसह भेटले. खोड जुनीच.)

पुढची शर्यत डॅन नदीपर्यंतची, पलीकडे व्हर्जिनिया. ग्रीन मोजके स्वार सोबत घेऊन आडवाटेनं मॉर्गनला गाठायला गेला आणि मुख्य फौज त्याच्या हाताखालच्या ह्यूगरनं उत्तरेकडे आणली. १ फेब्रुवारीला कॉर्नवॉलिस कटॉबा ओलांडून आला. यॅडकिनवर ग्रीननं आधीच जमवलेल्या होड्या वापरल्या, सगळ्या पलीकडच्या काठाला लावल्या, आणि इंग्रजांना वरच्या अंगाला शॅलो फोर्डचा वळसा पडला. गिल्फर्डला दोन्ही तुकड्या एकत्र आल्या. तिथून डॅन सुमारे ७० मैल. कॉर्नवॉलिसची समजूत अशी की खालच्या घाटांवर पुरेशा होड्या नाहीत, तेव्हा ग्रीन वरच्या उतारांकडेच जाणार. हाच समज पक्का व्हावा म्हणून ओथो विल्यम्सला सुमारे ७०० हलकी माणसं देऊन त्या दिशेनं सोडलं.

विल्यम्सच्या तुकडीचं रोजचं गणित असं होतं: रात्री निम्मी माणसं पहाऱ्यावर, त्यामुळे ४८ तासांत प्रत्येकाच्या वाट्याला सहा तास झोप. पहाटे तीनला कूच, झपाझप चालून शत्रूपासून थोडं अंतर काढायचं आणि त्या अंतरात न्याहारी शिजवायची. दिवसभरातलं जेवण तेवढंच. पिछाडीला हेन्री लीचे स्वार, कधी कधी इंग्रजांच्या बंदुकीच्या टप्प्यात. १४ फेब्रुवारीला मुख्य फौज पार झाल्याचा निरोप आला. रात्री विल्यम्सचे लोक होड्यांतून गेले, लीचे घोडे पोहत. कॉर्नवॉलिस काठावर आला तेव्हा समोर फुगलेली नदी होती आणि सगळ्या होड्या पलीकडे.

महिन्याभरात व्हर्जिनियाची कुमक घेऊन ग्रीन परत आला. १५ मार्च, गिल्फर्ड कोर्टहाउस. ग्रीनचे सुमारे ४,४००, कॉर्नवॉलिसचे १,९००. ग्रीननं मॉर्गनचाच नकाशा घेतला: कुंपणामागे नॉर्थ कॅरोलायनाची मिलिशिया, मागे झाडीत व्हर्जिनियाची, शेवटी काँटिनेंटल. पण रांगांमधलं अंतर तीनशे आणि पाचशे यार्डांच्या घरात, मध्ये दाट झाडी. कुणाला कुणी दिसेना. पहिली रांग फैर झाडून उधळली ती बहुतेक परत आलीच नाही. राखीव तुकडी ठेवली नव्हती. दुसरी मेरीलँड पलटण, बहुतेक नवखी, मोडली. काउपेन्सचा आराखडा उचलला आणि तो ज्यामुळे चालला ती जवळीक मात्र सुटली, अशी माझी समजूत आहे. पण ग्रीनचं एक आधीच ठरलेलं होतं: फौज मोडेल इतकं ताणायचं नाही. चार तोफा सोडून तो शिस्तीत मागे सरला.

कॉर्नवॉलिसनं मैदान मारलं. त्याचे ९३ मेले, ४१३ जखमी झाले, २६ बेपत्ता. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त फौज. त्या रात्री थंड पाऊस कोसळला. माणसं उपाशी होती, आणि जखमींवर घालायला तंबू नव्हते, ते रॅमसर्स मिलला जळले होते. लंडनमध्ये विरोधी पक्षाचा पुढारी चार्ल्स जेम्स फॉक्स म्हणाला की असा आणखी एक विजय मिळाला तर इंग्रजी फौज संपेल. ग्रीनलाही पाठलाग पुरा करता आला नाही, कारण मार्चअखेर व्हर्जिनियाच्या मिलिशियाची बोली संपली आणि ती घरी गेली. जाऊ दिली. मुदतीपलीकडे एकदा अडकवलं तर पुढच्या हाकेला कुणी येत नाही.

कॉर्नवॉलिस समुद्रकाठी विल्मिंग्टनला गेला आणि एप्रिलअखेर व्हर्जिनियाकडे निघाला. त्याच्या मागे न जाता ग्रीन उलटा दक्षिणेत शिरला, आणि मोहिमेतला सर्वांत मोठा निर्णय हाच. साउथ कॅरोलायनात इंग्रजांची माणसं ग्रीनपेक्षा कितीतरी जास्त, पण ठाण्याठाण्यांत वाटलेली. ग्रीननं मोठ्या फौजेला स्वतः अडकवून ठेवायचं आणि ली व गनिमी काव्यानं लढणारा तिथलाच फ्रान्सिस मॅरियन यांनी ठाणी घ्यायची, अशी वाटणी. फोर्ट वॉटसन उंच मातीच्या टेकाडावर होता आणि यांच्याकडे तोफ नव्हती. मेहम नावाच्या अधिकाऱ्यानं जंगलात ओंडके तोडून घेतले, एका रात्रीत आडवे-उभे रचून मनोरा उभा केला, वर ओंडक्यांची आड केली. सकाळी रायफलवाले किल्ल्यात वरून गोळ्या घालू लागले. २३ एप्रिलला ठाणं शरण.

दोनच दिवसांनी ग्रीन हॉबकर्क्स हिलला हरला. त्यानं दोन्ही बगलांनी शत्रूला कवेत घ्यायचा बेत केला होता. पहिल्या मेरीलँड पलटणीत गडबड झाली, कर्नल गन्बीनं तिला जागच्या जागी सावरण्याऐवजी मागे घेऊन रचायला सांगितलं, आणि शेजारच्या तुकड्यांना ती माघार वाटली. तरी रसदेची वाट तुटल्यामुळे इंग्रज सेनापती रॉडननं १० मे रोजी कॅमडन सोडलं. पाठोपाठ ऑरेंजबर्ग, फोर्ट मॉट, फोर्ट ग्रॅनबी गेले, ५ जूनला ऑगस्टा. नाइन्टी सिक्सचा वेढा फसला. चर खणायला सुरुवातच किल्ल्याच्या फार जवळून केली, शत्रूनं बाहेर पडून खणणारे कापले, मग बरंच मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागली, आणि चार आठवड्यांनी रॉडनची कुमक येऊन ठेपली. पण एकटं पडलेलं ते ठाणंही इंग्रजांनी थोड्याच दिवसांत स्वतःहून सोडलं. ८ सप्टेंबरला यूटॉ स्प्रिंग्जला जवळजवळ जिंकलेली लढाई हातची गेली: शिपाई इंग्रजांच्या छावणीत खाण्यापिण्यावर तुटून पडले आणि विटांच्या एका घरातून इंग्रजांनी तग धरला. त्यानंतर इंग्रज चार्ल्सटनच्या आसऱ्याला गेले ते फारसे बाहेर पडलेच नाहीत.

सगळ्यांशी त्याचं जमलं असं नाही. घोडे मागितल्यावरून मॅरियन राजीनाम्यापर्यंत गेला होता. गुलामांना सैन्यात घेऊन स्वातंत्र्य द्यावं, असं ग्रीननं साउथ कॅरोलायनाला सुचवलं आणि ते फेटाळलं गेलं. पुढे बक्षीस मिळालेल्या मळ्यांवर तोच ग्रीन गुलाम राबवू लागला.

१४ डिसेंबर १७८२ रोजी इंग्रजांनी चार्ल्सटन सोडलं. तोवर फौजेला कपडे आणि अन्न पुरवायला कुणी उधारीवर तयार नव्हतं, म्हणून जॉन बँक्स या ठेकेदाराला ग्रीन स्वतः जामीन राहिला. बँक्स बुडाला, घेणेकरी ग्रीनच्या दारात आले. १७८६च्या जूनमध्ये, ४३व्या वर्षी, जॉर्जियातल्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर तो वारला तेव्हाही ते कर्ज डोक्यावर होतं. त्याच्या विधवेनं काँग्रेसकडे दाद मागितली. १७९२मध्ये ४७,००० डॉलर मंजूर झाले.